चित्रा : एक दिसणारे दोन तारे

तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी तंजावरचे मराठी राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे एक छत्र बांधविले. मुक्तांबाळ छत्र या नावाने ते ओळखले जाते. वाटसरूंना अन्न व आसरा देणे एवढ्यावरच त्याचे कार्य संपत नसे. छत्राला जोडून पाठशाळा होती, आणि तीत मुलांना भाषांचे व विद्यांचे शिक्षण मिळत असे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या या राजाला ग्रंथसंग्रहाप्रमाणेच पाश्चात्त्य शास्त्रांचीही गोडी होती. 'देवेंद्र कुरवंजी' या आपल्या मराठी नाटकात तर त्याने चक्क जगाचा भूगोल सांगितला आहे.

या छत्राच्या अंगणात चैत्र महिन्यातील एखाद्या रात्री उभे राहिले, तर अंधार पडल्यावर पूर्वेकडे एक निळसर पांढरा तेजस्वी तारा वर आलेला दिसतो. हा चित्रा तारा होय. पौर्णिमेचा चंद्र ज्या महिन्यात या ताऱ्याच्या आसपास असतो, तो चैत्र. तमिळ लोकांचा वर्षारंभाचा महिना सौरमानाचा आहे. परंतु त्याचेही नाव 'चित्तिरै', आणि त्यातील चित्रा पौर्णिमा हा त्यांचा मोठा सण. महाराष्ट्रातून आलेला यात्रेकरू आणि त्याला वाट दाखविणारा गावकरी यांची भाषा निराळी असली, तरी दोघांच्या वर्षाच्या पहिल्या महिन्याला नाव दिले ते या एकाच ताऱ्याने.

हा तारा मात्र वस्तुतः एक नाही; ते दोन तारे आहेत. एकमेकांच्या अगदी निकट राहून ते चार दिवसांत एक प्रदक्षिणा पुरी करतात. आश्चर्याची गोष्ट अशी, की दुर्बिणीला डोळा लावून हे दोन ठिपके वेगळे झालेले आजवर कोणीही पाहिलेले नाहीत. असे असता ते दोन आहेत, त्यांतील एकाचे वस्तुमान इतके आणि दुसऱ्याचे तितके, असे ज्योतिर्विद कोणत्या आधारावर सांगतात? या लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

चित्रेचे आकाशातील स्थान

चित्रा शोधणे कठीण नाही. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवीत नेला, की प्रथम नारिंगी रंगाची स्वाती लागते आणि त्याच बाकाने आणखी पुढे गेले म्हणजे चित्रा भेटते. कन्या राशीतील हा सर्वांत तेजस्वी तारा. पाश्चात्त्य त्याला 'स्पायका', म्हणजे धान्याचे कणीस, असे म्हणतात. एप्रिलच्या मध्यास मध्यरात्रीच्या सुमारास आणि मे महिन्याच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास तो दक्षिणोत्तर वृत्तावर येतो. त्या वेळी ओरत्तनाडुहून तो दक्षिण क्षितिजापासून सुमारे ६८ अंश उंच दिसतो. पुण्याहून पाहिल्यास सुमारे ६० अंश.

सूर्याचा आकाशातील मार्ग, म्हणजे क्रांतिवृत्त, चित्रेपासून केवळ दोन अंशांवरून जातो. त्यामुळे सूर्य व चंद्र यांची स्थाने सांगण्यासाठी हा तारा मैलाच्या दगडाप्रमाणे उपयोगी पडत आला आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या आरंभी तिमोखारिस या ग्रीक ज्योतिर्विदाला चित्रा शरत्संपातापासून सुमारे ८ अंशांवर आढळली होती. पुढल्या शतकात हिपार्कसला ती सुमारे ६ अंशांवर आढळली. या दोन अंशांच्या फरकावरून हिपार्कसने संपातचलनाचा शोध लावला.

आपल्याकडे राशिचक्राचा आरंभ कोठून मोजावा, हा पंचांगकर्त्यांमधील जुना वाद आहे. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांनी चित्रेच्या बरोबर समोरचा बिंदू आरंभस्थान मानावा असे प्रतिपादिले. लोकमान्य टिळकांचा कौल रेवतीच्या ताऱ्याला होता. या दोन पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. त्यामुळे संक्रांतीचा दिवस बदलतो आणि कधी कधी अधिक मासही निराळा येतो. भारताच्या शास्त्रीय व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणा समिती नेमली. १९५५ च्या आपल्या अहवालात तिने धार्मिक पंचांगासाठी जे अयनांश सुचविले, ते चित्रा पक्षाला अनुसरूनच आहेत. तात्पर्य, स्थिर व निश्चित असा आधार म्हणून शास्त्रज्ञ आणि पंचांगकर्ते या दोघांनीही चित्रेकडे पाहिले. या स्थिर ताऱ्याच्या पोटात किती वेगवान हालचाल चालू आहे, हे मात्र १८९० पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते.

निळा रंग काय सांगतो?

चित्रा आणि स्वाती हे दोन तारे आळीपाळीने पाहिले, तर त्यांच्या रंगांतील भेद साध्या डोळ्यांनाही जाणवतो. लोहाराच्या भट्टीतील लोखंड प्रथम लाल होते, अधिक तापले की पिवळे आणि मग पांढरे होते. ताऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. फक्त त्यांची उष्णता भट्टीच्या पुष्कळ पुढची असते. स्वातीच्या पृष्ठभागाचे तपमान सुमारे ४,३०० केल्विन आहे, आपल्या सूर्याचे सुमारे ५,८००. चित्रेतील मोठ्या ताऱ्याचे तपमान सुमारे २५,००० व धाकट्याचे सुमारे २१,००० केल्विन भरते. इतके तापलेले वायू निळा प्रकाश विपुल देतात. आणि त्याहूनही अधिक देतात तो डोळ्यांना न दिसणारा जंबुपार प्रकाश.

रंगावरून तपमान कळले, परंतु तारा एक की दोन हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रकाशाची आणखी बारकाईने चौकशी करावी लागते.

वर्णपटाची साक्ष

ताऱ्याचा प्रकाश लोलकातून किंवा रेषांकित जाळीतून नेला, म्हणजे त्याचा रंगीत पट्टा, अर्थात वर्णपट, तयार होतो. या पट्ट्यात ठराविक जागी काळ्या रेषा असतात. ताऱ्याच्या वातावरणातील हायड्रोजन, हेलियम इत्यादी मूलद्रव्यांनी आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतल्याच्या त्या खुणा होत. उदाहरणार्थ, हायड्रोजनाची एक रेषा ४,८६१ अँगस्ट्रॉम या तरंगलांबीवर असते.

आता आगगाडीचे उदाहरण घ्या. शिट्टी वाजवीत गाडी आपल्याकडे येत असता तिचा स्वर चढा ऐकू येतो आणि ती दूर जाऊ लागली की तोच स्वर उतरतो. प्रकाशाचेही असेच होते. तारा आपल्याकडे येत असेल तर रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या टोकाकडे. याला डॉप्लर परिणाम म्हणतात. सरकणे किती झाले हे मोजले, की वेग कळतो. सेकंदास १२० किलोमीटर हा वेग प्रकाशाच्या वेगाचा अडीच हजारावा भाग आहे. तेव्हा वरील रेषा ४,८६१ च्या अडीच हजाराव्या भागाने, म्हणजे जवळजवळ दोन अँगस्ट्रॉम, सरकेल. हे अंतर अत्यल्प असले, तरी छायाचित्रावर सूक्ष्मदर्शकाने मोजता येते.

जर्मनीतील पॉट्सडॅम येथील वेधशाळेत हेर्मान कार्ल फोगेल यांनी ताऱ्यांच्या वर्णपटांची छायाचित्रे घेऊन अशी मापे काढण्याचे काम आरंभिले होते. चित्रेच्या छायाचित्रांत त्यांना विलक्षण प्रकार आढळला. रेषा एकदा निळ्या टोकाकडे, तर एकदा तांबड्या टोकाकडे सरकत, आणि हा क्रम चार दिवसांनी पुन्हा तसाच येई. एकटा तारा असा मागेपुढे झोके घेऊ शकत नाही; त्याला ओढणारा कोणी सोबती असलाच पाहिजे. १८९० मध्ये फोगेल यांनी चित्रा हे तारायुग्म असल्याचे जाहीर केले. दुर्बिणीऐवजी वर्णपटाने उघडकीस आलेल्या अशा जोड्यांपैकी ही अगदी पहिल्या काहींतील एक होय. पुढील काळात सोबत्याच्या फिकट रेषाही सापडल्या. मोठ्या ताऱ्याच्या रेषा ज्या वेळी निळ्याकडे जातात, त्याच वेळी धाकट्याच्या तांबड्याकडे जातात, असे दिसून आले. एका प्रदक्षिणेला लागणारा काळ चार दिवस व सुमारे एकवीस मिनिटे एवढा आहे.

फुगडी आणि वस्तुमान

दोन मुली हात धरून फुगडी घालीत आहेत, अशी कल्पना करा. दोघी सारख्या वजनाच्या असतील तर दोघींचे वर्तुळ सारखे होईल. एक थोराड आणि एक किरकोळ असेल, तर थोराड मुलगी लहान वर्तुळात संथपणे फिरेल आणि किरकोळ मुलगी मोठ्या वर्तुळात वेगाने फिरेल. तोल ज्या बिंदूभोवती सांभाळला जातो, तो गुरुत्वमध्य.

चित्रेच्या दोन ताऱ्यांची फुगडी अशीच आहे. वर्णपटात मोठ्या ताऱ्याचा वेग सेकंदास सुमारे १२० किलोमीटरपर्यंत, तर धाकट्याचा सुमारे १९० किलोमीटरपर्यंत जातो. १९० ला १२० ने भागले असता १.६ येतात, म्हणजे मोठा तारा धाकट्याच्या १.६ पट जड आहे. एवढे गुणोत्तर तर हाती आले. पण प्रत्यक्ष वस्तुमान?

येथे एक अडचण आहे. वर्णपट फक्त आपल्या दिशेने किंवा आपल्यापासून दूर होणारी गती दाखवितो. आडवी गती त्याला दिसत नाही. ताऱ्यांची कक्षा आपल्याकडे कितपत कललेली आहे हे समजल्यावाचून खरा वेग कळत नाही, आणि खऱ्या वेगावाचून कक्षेचा आकार व ताऱ्यांची वस्तुमाने निश्चित होत नाहीत. एका साक्षीदाराने अर्धी गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी सांगण्यास दुसरा साक्षीदार हवा होता.

तेजातील बारीक फरक

तसा एक दुय्यम साक्षीदार चित्रेच्या तेजातही आहे. मद्रास वेधशाळेत १८६१ पासून काम करणारे नॉर्मन पॉगसन यांनी १८५६ मध्ये ताऱ्यांच्या प्रतींचे जे मोजमाप सुचविले, त्यानुसार चित्रा जवळजवळ नेमकी पहिल्या प्रतीची आहे. परंतु काळजीपूर्वक मोजल्यास तिचे तेज शेकडा दोन-तीन अंशांनी कमी-अधिक होते. ही ग्रहणे नव्हेत. कक्षा पुरेशी कललेली असल्यामुळे एक तारा दुसऱ्याला झाकीत नाही. कारण असे, की इतक्या निकट असलेल्या दोन ताऱ्यांची परस्पर ओढ त्यांना पूर्ण गोल राहू देत नाही. समुद्राला भरती यावी तशी त्यांना भरती येते आणि ते किंचित अंड्यासारखे लांबट होतात. लांबट बाजू आपल्यापुढे आली की तेज वाढते, टोक पुढे आले की घटते. म्हणून प्रत्येक प्रदक्षिणेत दोनदा वाढ व दोनदा घट दिसते.

१९६० नंतरच्या दशकात आणखी एक गोष्ट आढळली. मोठा तारा सुमारे चार तास दहा मिनिटांच्या अवधीने स्पंदन पावत होता. थोड्याच वर्षांत हे स्पंदन तेजाच्या मापनात दिसेनासे झाले. ताऱ्यासारख्या गोष्टीतही मनुष्याच्या आयुष्यात दिसेल असा बदल घडू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

नॅराब्रायचे दोन आरसे

आता मुख्य प्रश्न : हे दोन तारे वेगळे दिसत का नाहीत? एका अंशाच्या साठ कला आणि एका कलेच्या साठ विकला. वातावरणातील खळबळीमुळे चांगल्या दुर्बिणीतही ताऱ्याचा ठिपका साधारण एक विकला पसरतो. चित्रेच्या दोन ताऱ्यांमधील अंतर एका विकलेच्या हजाराव्या भागाच्या फक्त दीडपट आहे. भारताची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ३,२१४ किलोमीटर आहे. देशाच्या उत्तर टोकाला ठेवलेले जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंदीचे नाणे दक्षिण टोकाहून जेवढे दिसेल, तेवढे हे अंतर.

ते मोजण्याची युक्ती काढणाऱ्या शास्त्रज्ञाचा जन्म तमिळनाडूतच झाला होता. रॉबर्ट हॅनबरी ब्राउन हे १९१६ मध्ये निलगिरीतील अरुवनकाडु येथे जन्मले. रिचर्ड ट्विस यांच्या सहकार्याने त्यांनी 'तीव्रता-व्यतिकरणमापक' हे उपकरण सिद्ध केले. ऑस्ट्रेलियातील नॅराब्राय येथे १८८ मीटर व्यासाच्या वर्तुळाकार लोहमार्गावर दोन प्रचंड आरसे उभारण्यात आले. प्रत्येक आरसा साडेसहा मीटरांहून रुंद असून तो २५२ लहान आरशांचा मिळून बनलेला होता.

हे आरसे ताऱ्याचे चित्र घेत नसत. प्रत्येक आरसा ताऱ्याचा प्रकाश एका प्रकाशसंवेदी नलिकेवर एकवटी, आणि नलिका त्याचे विद्युत्प्रवाहात रूपांतर करी. ताऱ्याचा प्रकाश वरवर एकसारखा वाटला तरी त्यात अतिशय जलद व बारीक चढउतार असतात. आरसे जवळजवळ असले, की दोघांचे चढउतार पुष्कळसे जुळतात; ते दूर नेले, की जुळणी कमी होते. ती कोणत्या अंतरावर किती कमी होते, यावरून ताऱ्याची रुंदी कळते. तारे दोन असतील, तर ते फिरतील तशी ही जुळणी चढते आणि उतरते. या पद्धतीला वातावरणाच्या खळबळीची फारशी बाधा होत नाही. मात्र तारा तेजस्वी आणि अतितप्त, म्हणजे निळा, असावा लागतो. चित्रा या कामाला सर्वथैव योग्य होती.

चित्रेच्या या वेधांचा निष्कर्ष १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ताऱ्यांमधील कोनीय अंतर तर मिळालेच. शिवाय कक्षेचा कल सुमारे ६६ अंश आहे, हेही कळले. अडलेला हिशेब सुटला.

साक्षींचा मेळ

हा हिशेब शाळेतील विद्यार्थ्यालाही करता येईल. कल लक्षात घेऊन वेग आणि काळ यांवरून काढल्यास दोन ताऱ्यांतील सरासरी अंतर पृथ्वी व सूर्य यांतील अंतराच्या ०.१३ पट, म्हणजे सुमारे दोन कोटी किलोमीटर भरते. सूर्यापासून बुध जितका दूर आहे, त्याच्या हे एकतृतीयांश झाले. प्रदक्षिणेचा काळ ०.०११ वर्ष. केप्लरच्या नियमानुसार अंतराचा घन करावा व त्याला काळाच्या वर्गाने भागावे. म्हणजे दोघांचे एकूण वस्तुमान सूर्याच्या पटीत मिळते. ०.१३ चा घन सुमारे ०.००२२, आणि ०.०११ चा वर्ग ०.०००१२१. भागाकार आला १८. हे १८ सूर्य १.६ च्या प्रमाणात वाटून द्या : मोठ्या ताऱ्याला ११, धाकट्याला ७.

याच मापांवरून अंतरही निघते. दोन ताऱ्यांतील ०.१३ एकक अंतर जर ०.००१५४ विकला एवढेच दिसत असेल, तर भागाकाराने चित्रा ८४ पार्सेक, म्हणजे सुमारे २७५ प्रकाशवर्षे दूर ठरते. १९८९ मध्ये सोडलेल्या हिपार्कस या युरोपीय उपग्रहाने अगदी निराळ्या रीतीने, पृथ्वीच्या वार्षिक भ्रमणामुळे ताऱ्याच्या स्थानात पडणारा फरक मोजून, हे अंतर सुमारे २५० प्रकाशवर्षे काढले. प्रत्येक मापनात चुकीला थोडी जागा असते, आणि दोन्ही उत्तरे त्या मर्यादेत एकमेकांजवळ येतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या वाटांनी निघालेले दोन प्रवासी एकाच गावी पोहोचावेत, तसे हे आहे. शास्त्रात विश्वास बसतो तो अशा मेळामुळे.

ताऱ्यांची वस्तुमाने जाणण्याचा हाच प्रमुख मार्ग आहे. एकाकी ताऱ्याला तराजूत घालता येत नाही. जोडीतील ताऱ्याला त्याचा सोबतीच तोलून दाखवितो. आणि ताऱ्याचे सारे भवितव्य त्याच्या वस्तुमानात लिहिलेले असते. चित्रेतील मोठ्या ताऱ्याजवळ सूर्याच्या अकरा पट द्रव्य आहे, परंतु तो सूर्याच्या सुमारे वीस हजार पट ऊर्जा उधळीत असतो. असा उधळ्या लवकर निष्कांचन होणार, हे उघड आहे. त्याचे आयुष्य सूर्याच्या मानाने शेकडो पटींनी तोकडे असून, अखेरीस प्रचंड स्फोट होऊन त्याचा अंत व्हावा असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. मात्र त्याला मानवी कालगणनेत अजून फार मोठा अवकाश आहे, आणि इतक्या अंतरावरून पृथ्वीला त्यापासून भय नाही.

चित्रेचे कोडे पुरते सुटले असे नव्हे. तिची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःही हळूहळू फिरते. एका फेऱ्याला तिला शतकाहून काहीसा अधिक काळ लागतो. या फिरण्याच्या गतीवरून ताऱ्यांच्या अंतर्भागातील द्रव्य कसे साठलेले आहे, याचे अनुमान करतात. फोगेल यांच्या काळापासूनचे जुने वेध यासाठी आजही उपयोगी पडतात. शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी काळजीपूर्वक नोंदवून ठेवलेला आकडा असा नव्या प्रश्नाचे उत्तर होतो. तमिळनाडूतच जवादी टेकड्यांत कावलूर येथे १९६८ मध्ये सुरू झालेली व पुढे वेणु बाप्पू यांचे नाव दिलेली वेधशाळा आहे. तेथील २.३४ मीटर दुर्बिणीसारख्या साधनांनी ताऱ्यांचे वर्णपट घेण्याचे काम होते, ते याच परंपरेतील.

पंचांगकर्त्याने यामुळे चिंता करण्याचे कारण नाही. चित्रेचे आतले भ्रमण इतके सूक्ष्म आहे, की त्यामुळे तिथी किंवा संक्रांत पळभरही ढळत नाही. ज्याला आधारासाठी एक तारा हवा, त्याला तो तसाच मिळतो. ज्याला त्याच्या अंतरंगाची जिज्ञासा आहे, त्याला दोन मिळतात. पुढील चैत्रात रात्री अंगणात येऊन सप्तर्षींच्या बाकावरून स्वाती व तेथून चित्रा शोधावी. त्या एका निळ्या ठिपक्यात अठरा सूर्यांचे द्रव्य चार दिवसांची फुगडी घालीत आहे, ही गोष्ट डोळ्यांना दिसणार नाही. ती मोजणाऱ्यांना मात्र दिसली, आणि त्यांनी आपले मोजमाप कसे केले ते उघड सांगून ठेवले असल्यामुळे, पडताळून पाहू इच्छिणाऱ्या कोणालाही ती दिसू शकते.